मोहरांचा भाव आणि ठेव्याचे मोल

बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात २०२५ च्या मार्च महिन्यात एक अजब दृश्य दिसले. काळोख पडला की आसपासच्या गावांतील माणसे हातात बॅटऱ्या, कुदळी आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेतांत उतरत आणि माती उकरून मोहरा शोधत. फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या ‘छावा’ या चित्रपटाने मोगलांच्या खजिन्याची आठवण जागी केली होती. त्यातच परिसरातील रस्त्याच्या कामात सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली आणि पाहता पाहता शेते खड्ड्यांनी भरून गेली. चित्रफिती देशभर फिरल्या, लोकांची करमणूक झाली, प्रशासनाला दखल घ्यावी लागली आणि काही दिवसांत प्रकरण विस्मरणात गेले.

गावकऱ्यांच्या भाबडेपणाला हसणे सोपे आहे. मात्र असीरगड आणि सोन्याचे नाणे यांचे नाते चित्रपटापेक्षा पुष्कळ जुने आहे. अकबराने १६०१ साली हा किल्ला जिंकला, तेव्हा त्या विजयाची खूण म्हणून त्याने एक खास मोहर पाडली. तिच्या एका बाजूस ससाण्याचे चित्र आहे. मोगल नाण्यांतील अत्यंत दुर्मीळ नाण्यांत तिची गणना होते. शिवाय बऱ्हाणपूर ही मोगलांची महत्त्वाची टांकसाळ होती. तेव्हा त्या मातीत मोहरा असू शकतात, हा तर्क अगदीच निराधार नव्हता. खरा प्रश्न निराळाच आहे. समजा, त्या रात्री एखाद्याच्या कुदळीला खरोखरच हंडा लागला असता, तर पुढे त्याचे काय झाले असते?

या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. २०२१ च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली भागातून २१६ सोन्याच्या मोहरा आणि त्या ज्यात होत्या ते भांडे जप्त केले. बांधकामाच्या जागी माती उकरताना मजुरांना त्या सापडल्या होत्या आणि घरात लपवून ठेवल्या होत्या, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे साधारण मुहम्मदशाह बादशहाच्या काळातील या मोहरांचे एकूण वजन २ किलो ३५७ ग्रॅम भरले. भागाकार केला तर एका मोहरेचे वजन १०.९ ग्रॅम येते. मोगल मोहरेचे प्रमाण वजन हेच. तीनशे वर्षांपूर्वीच्या टांकसाळीची शिस्त या साध्या हिशेबातूनही कळते. ही नाणी वाचली, कारण पोलिसांना खबर मिळाली. ज्या ठेव्यांची खबर कोणालाच मिळत नाही, ते एक तर सोनाराच्या मुशीत जातात, नाही तर सुटे होऊन बाजारात येतात.

असे का व्हावे? लोभ हे उत्तर सोयीचे आहे, पण अपुरे आहे. जमिनीत सापडलेल्या धनाविषयी देशाचा मूळ कायदा १८७८ सालचा आहे. भारतीय निखात निधी अधिनियम हे त्याचे नाव. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची कोणतीही वस्तू जमिनीत दडलेली सापडली, की ती शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे हा कायदा सांगतो. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या अंतरावरील तारीख देतात. ते धन गेल्या शंभर वर्षांत कोणी पुरलेले नाही असे ठरले, तर ते बेवारस जाहीर होते. मग जमीनमालक आणि शोधणारा यांच्यात वेगळा करार झाला नसेल, तर तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा असतो. खबर न देणाऱ्याला मात्र हिस्सा गमवावा लागतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

एवढे वाचले तर हा कायदा अन्यायकारक वाटत नाही. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील परकी सरकारच्या मानाने तो उदारच म्हटला पाहिजे. खोच आहे ती सरकारने ठेवा स्वतःसाठी घ्यायचे ठरवले तर मोबदला किती, या कलमात. वस्तूच्या धातूची जी किंमत होईल ती आणि तिचा एक पंचमांश, एवढी रक्कम दिली की सरकारची जबाबदारी संपते. म्हणजे कायद्याच्या लेखी नाणे हे नाणे नसून धातूचा तुकडा आहे. त्यावर राजाचे नाव आहे की नाही, तो प्रकार जगात एकच आहे की लाखोंनी उपलब्ध आहे, याला त्या हिशेबात स्थान नाही.

आता काही आकडे घालून पाहावे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा प्रथमच गाठला. हाच दर धरला, तर गुप्तकालीन दिनाराचे, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपासच्या नाण्याचे, कायद्याने सुमारे त्र्याण्णव हजार रुपये होतात. लिलावात त्याच नाण्याला, प्रकार दुर्मीळ असेल तर, याच्या कितीतरी पट किंमत येते. चांदीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या क्षत्रप राजा नहपानाचे चांदीचे नाणे दोन-सव्वादोन ग्रॅमचे असते. चांदीचा भाव किलोमागे दीड लाख रुपये धरला, तरी पंचमांशासह त्याचा मोबदला चारशे रुपयांच्या घरात जातो. तांबे, शिसे आणि मिश्रधातूची नाणी यांचा तर हिशेब मांडण्यातही अर्थ नाही. सातवाहनांची बहुतांश नाणी नेमकी याच धातूंची आहेत, हे महाराष्ट्राने विसरू नये.

चिखलीच्या मजुरांच्या बाबतीत मात्र हा हिशेब वेगळा निघतो. तेव्हाच्या भावाने नुसत्या सोन्याचीच किंमत एक कोटी रुपयांच्या पुढे होती. रीतसर खबर दिली असती, ठेवा बेवारस ठरला असता आणि सरकारने तो घेतला असता, तर शोधणाऱ्यांचा कायदेशीर हिस्सा नव्वद लाखांच्या वर गेला असता. मोहरा घरात दडवून ठेवणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते. त्याला एवढेच ठाऊक असते, की सरकारला कळले तर सोने जाईल आणि वर पोलीस मारतील. सोन्याच्या बाबतीत घात करते ते हे अज्ञान आणि भय. चांदी-तांब्याच्या बाबतीत कायदाच घात करतो.

येथे कोणी विचारील, की नाणी अखेर संग्राहकांच्या हाती जात असतील आणि जपली जात असतील, तर बिघडले कुठे? मुशीत जाण्यापेक्षा हे बरेच. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात सापडते.

गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा निघाला. संख्या १३ हजार २५०. सारी नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला त्रिकूट टेकडीसारखे चिन्ह आणि सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह आणि त्याखालून डोकावणारा नहपानाचा चेहरा. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूल केला, असा दावा त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात आहे. शिलालेख म्हटला की त्यात स्तुतीचा भाग असायचाच. पुत्राचे गुणगान करणाऱ्या मातेची साक्ष इतिहासकाराने किती मानायची? जोगळटेंभीच्या हंड्याने तो प्रश्न निकाली काढला. पराभूत राजाचे चलन गोळा करून, त्यावर आपली मुद्रा उमटवून ते विजेत्याने पुन्हा चालवले, याचा पुरावा हजारोंच्या संख्येने हाती आला.

यातील ‘हजारोंच्या संख्येने’ हा भाग महत्त्वाचा आहे. सातकर्णीचा ठसा असलेले नहपानाचे एकच नाणे सापडले असते, तर तो एखाद्या टांकसाळीतील अपवाद म्हणता आला असता. दोन तृतीयांश नाण्यांवर नवा ठसा आहे आणि एक तृतीयांशावर नाही, हे प्रमाण सांगते की पुनर्मुद्रण हे राज्याचे धोरण होते आणि ठेवा पुरला गेला तेव्हा ते काम पुरते संपलेले नव्हते किंवा दोन्ही नाणी एकत्र चालत होती. त्याच ठेव्यात नहपानाचे चेहरे एकमेकांपासून इतके भिन्न आहेत, की ही सारी एकाच माणसाची चित्रे आहेत काय, असा पेच पहिल्या अभ्यासकांनाच पडला. या साऱ्या गोष्टी एकेका नाण्यात नाहीत; त्या एकत्र सापडलेल्या राशीत आहेत. रास फुटली की धातू उरतो, चित्र उरते, अक्षरेही उरतात, पण पुरावा जातो.

राजस्थानातील बयाना येथला ठेवा हेच दुसऱ्या प्रकारे सांगतो. तत्कालीन भरतपूर संस्थानात १९४६ साली गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांचा आजवरचा सर्वांत मोठा ठेवा उघडकीस आला. मूळ संख्या याहून मोठी होती. काही नाणी सरकारी हाती पडण्यापूर्वीच वितळवली गेली. उरलेल्या १८२१ नाण्यांची सूची डॉ. अनंत सदाशिव अळतेकर या मराठी पंडिताने सिद्ध केली. पहिल्या चंद्रगुप्ताची १०, काचाची १६, समुद्रगुप्ताची १८३, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताचे फक्त एक. त्या एका नाण्यावर सारा कालनिर्णय उभा आहे. स्कंदगुप्त गादीवर आला, त्याचे नाणे नुकतेच चालू झाले आणि त्याच सुमारास कोणीतरी ही संपत्ती जमिनीत दडवली. ती परत न्यायला मात्र तो आला नाही. हूणांच्या आक्रमणाच्या काळाशी हा निष्कर्ष जुळतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणेही त्या ठेव्यात एकच होते. मुशीत गेलेल्या नाण्यांत ही दोन असती, तर गुप्तांच्या इतिहासातील किती ओळी कोऱ्या राहिल्या असत्या, याचा अंदाज करता येतो. आणि जी गेली त्यांत काय होते, हे आता कधीच कळणार नाही.

मुशीचा हा इतिहास जुना आहे. कोलकात्याजवळ कालीघाट येथे १७८३ साली सापडलेली गुप्तांची सुवर्णनाणी वॉरन हेस्टिंग्जने लंडनला कंपनीच्या संचालकांकडे पाठवली. काही तेथील संग्रहालयांना आणि हौशी संग्राहकांना वाटली गेली आणि उरलेली वितळवली गेल्याचे मानले जाते. पुढे १८३५ मध्ये कंपनीने सर्वत्र एकसारखा रुपया आणला आणि ठिकठिकाणच्या टांकसाळींचे जुने रुपये परत घेऊन गाळण्याचा सपाटा सुरू झाला. अंकुशी, चांदवडी अशा नावांनी मराठी मुलखात ओळखले जाणारे रुपये त्यात मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले. हे रुपये मराठ्यांच्या सत्तेखाली पाडलेले असले, तरी त्यांवर नाव बहुधा दिल्लीच्या बादशहाचे असे. सत्ता एकाची आणि सिक्का दुसऱ्याचा, हा अठराव्या शतकाचा राजकीय व्यवहार जितका स्पष्ट त्या नाण्यांवर दिसतो, तितका क्वचितच कागदांत दिसत असेल.

आणि दोष फक्त इंग्रजांना कशाला द्यायचा? मराठी घरांनी नाणी जपली तीही आणि मोडली तीही दागिन्यांच्या निमित्ताने. पुतळ्यांची माळ हा त्याचा उत्तम नमुना. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिस या इटालियन नगरराज्याचे सोन्याचे नाणे. त्याच्यावरील ख्रिस्ती संतापुढे गुडघे टेकणारा राज्यप्रमुख आमच्या पूर्वजांना राम-सीतेसारखा भासला आणि ती नाणी देवघरात आणि गळ्यात विराजमान झाली. पुढे सोनारांनी तशाच नकला पाडल्या. अशा नाण्याला कडी जोडलेली किंवा भोक पाडलेले असले, की संग्राहक नाक मुरडतो, त्याची किंमत उतरते. पण ती कडी जोडली होती म्हणूनच ते नाणे दोनशे वर्षे टिकले, हेही खरे. लक्ष्मीपूजनाच्या ताटातील राणीछाप रुपयाचेही तसेच. आता सोन्या-चांदीचे भाव या उंचीवर गेल्यावर जुने मोडून नवे घडवण्याची लाट येते, तेव्हा आजीच्या डब्यातील नाणे सराफाच्या काट्यावर चढते आणि त्या नाण्यावर काय लिहिले आहे, ते वाचण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेत नाही. घटीच्या नावाखाली चार टक्के वजा करण्यापुरताच त्याचा इतिहास.

संग्राहकाचे महत्त्व ठरते ते या पार्श्वभूमीवर. भारतीय नाणकशास्त्र घडले त्यात सरकारी खात्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, हौशी माणसांचा वाटा आहे. ब्राह्मी लिपी उलगडणारा जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीतील अधिकारी. १९१० मध्ये अलाहाबादेत स्थापन झालेली न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया हीही मूठभर ध्यासवंतांची निर्मिती. नाशिकजवळ अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नाणकशास्त्र संशोधन संस्था अभ्यासक आणि संग्राहक यांच्या सहकार्याचेच फळ आहे. ब्रिटिश अमदानीत तर सरकारजमा झालेल्या ठेव्यांतील नाणी संग्रहालयांना वाटून झाली, की उरलेली संग्राहकांना विकत मिळत. सरकार, संग्रहालय आणि संग्राहक या तिघांना जोडणारा एक उघडा, कायदेशीर रस्ता तेव्हा होता. स्वातंत्र्यानंतर तो हळूहळू बुजत गेला.

आजचा बाजार या जुन्या हौसेपेक्षा निराळा आहे. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरू येथे परवानाधारक लिलावसंस्था छापील सूचीसह नियमित लिलाव करतात. बोली घरबसल्या लावता येते. पूर्वी चोरबाजारात किंवा एखाद्या सराफाच्या मागच्या खोलीत होणारा व्यवहार उजेडात आला, प्रत्येक नाण्याचे वजन, छायाचित्र आणि भाव नोंदला जाऊ लागला, हा मोठाच लाभ. अभ्यासकांनाही या सूच्यांचा उपयोग होतो. परंतु बाजाराबरोबर गुंतवणूकदारही आला. त्याला नाणे वाचायचे नसते. ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद, दर्जाचा आकडा छापलेले हवे असते. नाण्याच्या कडा किती शाबूत आहेत आणि झळाळी किती आहे, यावर भाव ठरतो. त्यामुळे शेकडो वर्षांची काळपट छटा घासून काढून नाणी ‘चकचकीत’ करण्याचा अघोरी उद्योग चालतो. सुज्ञ संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाही. पण नवखा भुलतो. याच नवख्यांना गाठून जुन्या नोटा-नाण्यांचे लाखो रुपये मिळवून देण्याच्या भूलथापा दिल्या जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क उकळण्याचे प्रकार इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला.

बनावट नाण्यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. शिवछत्रपतींचा सुवर्ण होन हे त्याचे ठळक उदाहरण. १६७४ च्या राज्याभिषेकासमयी पाडलेल्या या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. तांब्याची शिवराई हजारोंनी मिळते. ती पुढे दोन शतके या ना त्या रूपात चालत राहिली. अस्सल होन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. अशा नाण्याला मराठी मनात जे स्थान आहे, त्यामुळे त्याची नक्कल करणाऱ्यांचे फावते. ओतीव नक्कल ओळखू येते: कडेला सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे, अक्षरे बोथट. परंतु जुन्याच सोन्यातून, नव्या ठशाने ठोकून काढलेली नक्कल धातूच्या चाचणीतही उत्तीर्ण होते. तेथे उपयोगी पडतो तो ठशांचा तौलनिक अभ्यास, आणि त्याहून अधिक, ते नाणे कुठून आले याची खात्रीशीर नोंद. ज्ञात ठेव्यातील नाण्याच्या अस्सलपणाबद्दल सहसा वाद होत नाही. म्हणजे ठेव्याची नोंद ही केवळ इतिहासकाराची चैन नव्हे. ती संग्राहकाच्या पैशाचीही हमी आहे.

पण ती नोंद मिळणार कशी? संग्राहक विक्रेत्याला विचारतो, ‘हे कुठे सापडले?’ उत्तर येते, ‘जुन्या संग्रहातले आहे.’ यापलीकडे खरे उत्तर देणे विक्रेत्याला परवडत नाही. कारण अमुक गावच्या शेतात निघाले असे सांगितले, तर १८७८ च्या कायद्याखाली कोणीतरी गुन्हेगार ठरतो. भीतीपोटी गावाचे नाव पुसले जाते आणि गावाबरोबर इतिहास पुसला जातो. त्यावर १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम आहे. १९७६ पासून अमलात असलेल्या या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे हा पुरावशेष ठरतो. ते बाळगणे गुन्हा नाही. विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही आणि नेल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. निर्यातबंदीचा हेतू निर्विवाद योग्य आहे. मात्र या कायद्याची नजर मूर्तीवर आहे. मंदिरातून नाहीशी झालेली मूर्ती ओळखता येते, तिचे जुने छायाचित्र सापडते, ती परत मागता येते. खिशात मावणाऱ्या दोन ग्रॅमच्या नाण्याचे तसे नसते.

मोठ्या वस्तूंचा माग मात्र सरकार आजही हिरिरीने काढते. आग्र्याच्या टांकसाळीत १६१३ साली पाडलेली जहांगीरची एक हजार मोहरांची महामोहर, वजन सुमारे १२ किलो, १९८७ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात दिसली. हैदराबादच्या निजामाच्या घराण्याशी तिचा संबंध सांगितला जातो. विक्री झाली नाही आणि ती पुन्हा दृष्टीआड झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने तिचा तपास केला. २०२२ मध्ये तो शोध पुन्हा चर्चेत आला. ती सापडली तर आनंदच आहे. परंतु बादशहाच्या डामडौलापलीकडे ती फारसे काही सांगत नाही. एखाद्या अनाम सावकाराने पुरलेला, सात टांकसाळींचे रुपये असलेला हंडा त्या काळच्या व्यापाराविषयी तिच्यापेक्षा अधिक सांगतो. त्याच्या मागे मात्र कोणी जात नाही.

ब्रिटनने या कोंडीतून काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. तेथे १९९६ च्या कायद्याने ठेवा शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला बाजारभावाने मोबदला देण्याची व्यवस्था केली; किंमत ठरवण्यास स्वतंत्र तज्ज्ञ समिती आहे. त्याच्या जोडीला १९९७ पासून एक स्वेच्छा नोंदणी योजना सुरू झाली. ज्या वस्तू कायद्याने सरकारजमा होत नाहीत, त्याही लोक आणून दाखवतात, स्थळ सांगतात आणि वस्तू घेऊन घरी जातात. अशा दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद त्यातून झाली आहे. संरक्षित स्मारकांवर धातुशोधक यंत्र चालवणे मात्र तेथे गुन्हाच आहे, आणि चोरटे खोदकाम तेथेही पूर्णपणे थांबलेले नाही.

हे जसेच्या तसे भारतात आणावे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. येथे जमिनीखाली जे आहे त्याचे प्रमाण अफाट आहे आणि ते सांभाळणाऱ्या यंत्रणेचे मनुष्यबळ तुटपुंजे. बाजारभावाने मोबदला जाहीर झाला, की उद्या प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी असीरगड होईल, ही पुरातत्त्वज्ञांची भीती खोटी नाही. तथापि हेतुपुरस्सर खोदकाम आणि नांगराला किंवा पोकलेनला लागलेला हंडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याला शिक्षा आणि दुसऱ्याला योग्य मोबदला, असा फरक कायद्याला करता येतो. धातूच्या किमतीऐवजी तज्ज्ञांनी ठरवलेले मूल्य मोबदल्याचा आधार मानणे आणि ठराविक मुदतीत दिलेल्या खबरीला फौजदारी कारवाईपासून अभय देणे, एवढे दोन बदल केले तरी पुष्कळ साधेल. खासगी संग्रहांतील नाण्यांची छायाचित्रांसह ऐच्छिक नोंद घेण्याला तर कायदा बदलण्याचीही आवश्यकता नाही. केरळ आणि कर्नाटक यांनी पूर्वीच निखात निधीसाठी स्वतःचे कायदे केले. तेव्हा राज्यांना या विषयात हात घालता येत नाही, ही सबबही टिकत नाही.

तोवर निदान जे आहे ते लोकांपर्यंत जावे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या जुन्या वस्त्यांच्या शहरांत पायासाठी आणि रस्त्यांसाठी रोज माती निघते. बांधकामाच्या प्रत्येक जागेवर हेल्मेट घालण्याची पाटी असते. माती उकरताना काही सापडले तर कोणाला कळवायचे आणि कळवणाऱ्याचा त्यात तीन चतुर्थांश वाटा असू शकतो, हे सांगणारी पाटी त्याच खांबावर, मजुरांना वाचता येईल अशा भाषेत, लावायला फार खर्च येणार नाही.